बॅन्जोचं दळण

१६ मार्च, रविवार

व्यंकटअण्णांनी आज मला कॉम्प्युटर दिला, फुकट. खरं म्हणजे ते तो भंगारवाल्याला देत होते आणि मी मध्ये पडले. मी त्यांच्या दुकानात पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, काढून देते, दाखल्यांचे अर्ज भरते, झेरॉक्स मारते. वीस वर्षांपूर्वी अण्णा गावोगावच्या भजनी मंडळांच्या सीडी काढून द्यायचे, तेव्हाचं हे यंत्र. आमच्या दुकानातल्या कुठल्याही नव्या कॉम्प्युटरला नाही अशी एक गोष्ट त्याच्या पाठीला आहे: सुरांच्या कीबोर्डची जाड, गोल तोंडाची वायर बसायची जागा. तो कीबोर्डही अण्णांनी बरोबर दिला. त्याच्या वरच्या टोकाची एक पट्टी तुटलीय. चालेल, तिथपर्यंत अप्पांचं बोट जात नाही.

अण्णा म्हणाले, "पोरी, म्हातारं जनावर हाय हे. गोठ्यात बांधून काय करतीस?"

मी सांगितलं नाही. इथे लिहिते. माझे अप्पा, म्हणजे रत्नपाल मास्तर, नवप्रभात बॅन्जो पार्टीचे. कमलनगरात जयंतीची मिरवणूक आणि तीत त्यांचा बॅन्जो नाही, असं मी जन्मल्यापासून झालेलं नाही. मागच्या दिवाळीत त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, चालणं आलं, उजवा हात आला नाही. बॅन्जोला डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्याने तार छेडायची. डावा हात ठणठणीत आहे, उजवा मांडीवर पडून असतो.

काल अमरदीप आला होता. पार्टीचा कारभार आता तोच बघतो. मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, चौदा तारखेला उदगीरचा एक कीबोर्डवाला बघायलोय." अप्पा म्हणाले, "चांगलं केलास." तो गेल्यावर आईला म्हणाले, "तेराला मी दुबलगुंडीला ताईकडं जातो. मिरवणूक झाली की येतो." आई बराच वेळ परातीतलं पीठच मळत राहिली.

माझा बेत असा: तार कॉम्प्युटरने छेडायची, अप्पांनी फक्त पट्ट्या दाबायच्या. मोबाइलवर हे करून झालंय. काचेवर बोट ठेवून अप्पा म्हणाले होते, "ह्यात खाली काय लागतच न्हाई." कीबोर्डला पट्ट्या आहेत, त्या बोटाला लागतात. चौदा एप्रिलला अप्पा दुबलगुंडीला नाही, मिरवणुकीच्या ट्रॉलीवर बसले पाहिजेत. मला दुसरं काही नको.

१८ मार्च, मंगळवार

चालू झाला. खडखडला, घरघरला, पण चालू झाला. कीबोर्ड लावला, पट्टी दाबली आणि पेटीसारखा आवाज आला. मी जागच्या जागी नाचले. आई म्हणाली भाकरी करपली तुझ्यापायी.

मग अप्पांना बसवलं. त्यांनी एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग भरभर चार. आणि हात उचलला.

"हे मागून यायलंय पंचू. बोट पुढं गेलं की सूर मागून. मी आत्ता हाक मारावी आन् तू जेवण झाल्यावर ओ द्यावीस, तसं."

उठून अंगणात गेले. खरं सांगायचं तर मला रागच आला. इतका कमी उशीर, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. पण मी स्वतः वाजवून पाहिलं आणि राग गेला. पापणी लवेपर्यंतचा उशीरही बोटाला सहन होत नाही.

२३ मार्च, रविवार

आज आम्ही अख्खा बॅन्जो कॉम्प्युटरात भरला. उशिराचं काय करायचं ते नंतर बघू, पण आवाज तर अप्पांच्याच बॅन्जोचा हवा.

दिवाळीपासून बॅन्जो करड्या शालीखाली दिवाणावर होता. अप्पांनी स्वतः शाल काढली. ती शाल दुसरं कुणी काढत नाही, घालत नाही. लहानपणी एकदा मी लाडाने घातली तर केवढ्याने ओरडले होते माझ्यावर. पार्टीत सगळेच हा नेम पाळतात. ज्यानं वाजवलं त्यानंच झाकायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. झाकून गेला म्हणजे वाजवणारा परत येणार आहे.

पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, शेजारच्या नेत्रावतीअक्कांना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आले. अप्पा डाव्या हाताने बटण दाबून धरायचे, मी तार छेडायची. एकेक सूर, हळू आणि जोरात.

"मनगट सोड की. दगड मारायलीस का कुणाला?"

"सोडलंय अप्पा."

"न्हाई सोडलेलं. खांदा बग कुठं गेलाय तुजा."

घामाने दोघं चिंब झालो, पण शेवटी शेवटी मी छेडलेल्या तारेला ते "हां" म्हणायला लागले. किती दिवसांनी आम्ही दोघं एवढा वेळ एकत्र बसलो. शेवटचा सूर घेतला आणि मी लगेच कॉम्प्युटरकडे पळाले, सगळं नीट भरलं का ते बघायला. अप्पा थोडा वेळ बॅन्जोकडे आणि माझ्याकडे बघत उभे होते. मग शाल खांद्यावर टाकून बाहेर गेले.

सगळं नीट भरलंय. मी इतकी खूश आहे की झोप येणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

उशीर का होतो ते सापडलं, आणि त्यावरचा इलाजही.

आवाजाचं काम प्रोग्रॅम स्वतः करत नाही, एका लायब्ररीवर सोपवतो. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. ही म्हणजे तयार करून ठेवलेली कामं, कुठल्याही प्रोग्रॅमने उचलून वापरावीत अशी. आमच्या यंत्रावरची लायब्ररी जुनी आहे, ती आवाज साठवून साठवून पुढे सोडते. नवी लायब्ररी तसं करत नाही, पण ती नव्या प्रोसेसरसाठी बनवलेली. आमच्या म्हाताऱ्यावर टाकली की एका ओळीत नकार देते आणि संपतं.

आज एका फोरमवर मिलोश नावाचा माणूस भेटला. दूर चेक देशात असतो, चर्चमधले मोठाले ऑर्गन दुरुस्त करतो. त्याच्याकडेही असलंच जुनं यंत्र आहे. त्याने नव्या लायब्ररीला जुन्या प्रोसेसरसाठी ठिगळ लावलंय. त्याला पॅच म्हणतात. तयार माल तो देत नाही. म्हणतो, सोर्स कोड घ्या, ठिगळ लावा आणि तुमच्याच यंत्रावर बनवा, म्हणजे तुमच्या यंत्राला बसेल.

आईला सांगितलं, "दुकानातलं येसर अप्पांना सोसत न्हाई, मंग आपण धने-डाळी आणून घरीच भाजून दळतो का न्हाई? तसंच."

आई म्हणाली, "मंग दळण म्हण की सरळ. लायब्री कामून म्हणायलीस?"

तर उद्या दळण टाकायचं. यंत्राचा जीव केवढासा, सकाळी टाकलं तर संध्याकाळी उतरेल. रात्री चालू ठेवायला आईची बंदी आहे, अप्पा त्याच खोलीत झोपतात. मी दिवसभर दुकानात, ते घरात आपलं आपण दळत बसेल. काय मजा आहे.

२६ मार्च, बुधवार

दुकानात जीव लागेना. एका आजोबांच्या पहाणीवर दुसऱ्याच गावाचं नाव टाकलं, अण्णांनी वेळेवर बघितलं म्हणून बरं.

घरी आले तर दळण मध्येच थांबलेलं. पडद्यावर एका फाइलचं नाव आणि चूक. ठिगळ लावताना मीच काहीतरी चुकले असणार. रात्री दोन ठिकाणी बदललं. ठिगळ बदललं की सगळं पहिल्यापासून दळावं लागतं. हरकत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काल दुसऱ्या फाइलवर थांबलं. आज तिसऱ्याच. आणि आज तर यंत्रच बंद पडलं होतं.

मी परत कोडात डोकं घातलंय. सी भाषा मी कॉलेजात शिकले ती परीक्षेपुरती, पण आता ओळ न् ओळ वाचतेय आणि कळतेय. कळल्याचा आनंद इतका की दळण बिघडल्याचं दुःख पुरेसं होतच नाही.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. अप्पांनी बॅन्जो उघडाच ठेवलाय. रविवारपासून तो तसाच दिवाणावर आहे, तारांवर धूळ बसलीय. म्हणजे त्यांनी वाजवायचं मनातून काढून टाकलं. तोंडाने बोलत नाहीत, पण मला कळतं. संध्याकाळी बाहेर बाजेवर बसलेले असतात आणि माझी स्कूटी गल्लीत वळली की उठून आत जातात. माझ्याशी बोलायला नको म्हणून असेल.

३० मार्च, रविवार

उगादी. दुकान बंद. शेजारी गुढ्या, आमच्याकडे दळण.

दिवसभर यंत्रासमोर बसून राहिले आणि काय चाललं म्हणता. एक चूक नाही, एक कुरकुर नाही. पडद्यावर ओळी पळताहेत आणि मी त्यांच्यामागे. नेत्रावतीअक्कांनी पुरणाच्या होळग्या आणून दिल्या, त्याही तिथेच बसून खाल्ल्या. अप्पा अधूनमधून दारात यायचे, मला बघून परत जायचे. चारच्या सुमारास लाइट गेली आणि सगळं फुकट. पण मला काही वाटलं नाही. जमतंय हे तर कळलं.

मी समोर असले की चालतं, गेले की बिघडतं. आमच्या वर्गात एक मुलगी अशी होती. व्यंकटअण्णांकडून जुना यूपीएस मागून घेणार आहे, म्हणजे लाइटची भीती नाही.

२ एप्रिल, बुधवार

यूपीएस लावला, तरी काल आणि आज दोन्ही दिवस बिघडलं. मिलोशला सगळं लिहून पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं. लिहितो:

'तुमच्या बदलांची गरज नव्हती, पण ते चुकीचेही नाहीत. चूक रोज जागा बदलत असेल तर ती कोडात नसते. मेमरी बघा. उष्णता बघा. मी ऑर्गन बिघडला म्हणून गेलो की आधी ऑर्गन बघत नाही, तो ज्या खोलीत आहे ती खोली बघतो.'

भला माणूस आहे. पण आमच्या खोलीत काय बघायचं? खोलीत अप्पा असतात.

मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. धूळ उडवली. चालू करून बराच वेळ कॅबिनेटवर हात ठेवून बसले. कोमट, बस्स. उष्णता नाही, हे नक्की. मग उरतो प्रोसेसर. तोच मरायला टेकला असेल तर मी काय करणार? हे लिहवत नाही, पण खरं आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

परत बंद.

अमरदीपचा फोन आला. काय करतेय ते न सांगता मी त्याला थोडं थांब म्हटलं होतं. "अक्का, मला न्हाई म्हणवत न्हाई, पर गुरुवारी सकाळपतोर सांग. मंग मला त्या उदगीरवाल्याला व्हय म्हणावंच लागतंय."

जेवताना अप्पांनी विचारलं, "झालं का दळण?" रोज विचारतात, रोज त्याच आवाजात. आज मला तो टोमणा सहन झाला नाही. मी म्हणाले, "न्हाई झालं. होत न्हाई. तुमी दुबलगुंडीची पिशवी भरा." त्यांनी ताटातली भाकर तशीच ठेवली आणि उठले. आईने जयंतीसाठी त्यांचा पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगलाय, तो त्यांनी जाता जाता नुसता सारखा केला.

मी असं बोलायला नको होतं. पण त्यांनीही असं विचारायला नको होतं.

७ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी शेवटचं म्हणून दळण टाकून गेले. दुपारी सर्व्हर बंद पडला, काही निघेना. अण्णा म्हणाले, "जा घरी, हितं बसून काय माशा मारायच्यात?" स्कूटी पंक्चर होती, ती कल्लप्पाच्या टपरीवर टाकली आणि चालत आले. बाहेर उन्हाची भट्टी पेटली होती. बाजेवर अप्पा नव्हते. मी दारात चप्पल काढली आणि आत बघितलं.

अप्पा कॉम्प्युटरला शाल पांघरत होते.

तीच करडी, बॅन्जोची, लोकरीची शाल. एका हाताने. वरून टाकली, पुढून खाली ओढली, मग वाकून तिची कड मागे खोचली. मागे म्हणजे जिथून पंख्याचा वारा बाहेर पडतो बरोब्बर तिथे. मग तळव्याने सुरकुत्या काढल्या. आत पंखा जिवाच्या आकांताने घरघरत होता.

माझ्या तोंडात पहिल्यांदा काय आलं ते इथेही लिहिणार नाही. ते गिळलं.

"अप्पा, काय करायलाव?"

दचकले. "काय न्हाई. झाकायलोय."

"कामून?"

माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "वाद्य उघडं ठिवत्येत का?"

"रोज झाकायलाव?"

"तू गेलीस की घालतो. तुजी गाडी वाजली की काढतो."

"काढता कामून मंग?"

"तू हसशील म्हणून." मग शालीवरचा हात काढून, "आन् त्या दिवशी जेवताना जे बोललीस, त्याच्यावर तर काय सांगणार होतो तुला?"

मी म्हणाले, "अप्पा, ते अजून वाजतबी न्हाई."

"तारा चढवायला ठिवलेलं वाद्यबी झाकत्येतच की."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. ज्यानं वाजवलं त्यानंच झाकायचं. आणि अप्पांनी त्या यंत्रावर एकदा चार पट्ट्या दाबल्या होत्या, नाक मुरडून उठून गेले होते, आणि त्या दिवसापासून, किंवा दळण टाकलं त्या दिवसापासून म्हणा, रोज ते झाकत होते. माझं म्हणून नाही, त्यांचं म्हणून. मी कोडात चुका शोधत होते आणि ते इथे बसून वाट बघत होते. 'झालं का दळण' हा टोमणा नव्हताच. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरेना.

शालीवर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लागतो तसा चटका.

"अप्पा, ह्याला वारा लागतो. आतली हवा बाहेर न्हाई गेली की ते तापतंय, आन् तापलं की दळण सोडून देतंय."

मग त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे माज्यामुळंच व्हय सगळं?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "व्हय. तुमच्यामुळंच."

"मंग आदी सांगायचं न्हाई?"

"तुमी झाकायलाव हे मला सांगितलाव का?"

आणि अप्पा हसले. लकव्यानंतर त्यांचं हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला येतं. पण आलं, दिवाळीनंतर पहिल्यांदा. आई आतून पिठाच्या हाताने धावत आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून तिथेच बसली, आणि मग आम्ही तिघं.

८ एप्रिल, मंगळवार

माझे सगळे बदल काढून टाकले. मिलोशचं ठिगळ जसंच्या तसं लावलं आणि सकाळी दळण टाकलं. निघताना बघते तर अप्पांनी स्वतःचा टेबलफॅन उचलून यंत्राकडे तोंड करून ठेवलेला. ह्या उन्हात.

"आन् तुमाला?"

"मला काय दळायचंय का?"

दुकानात मी दर थोड्या वेळाने मोबाइल बघत होते. अण्णा म्हणाले, "घरी बाळंतपण हाय का कुणाचं?" चहाच्या वेळेला फोन वाजला. अप्पा फोन कधी करत नाहीत.

"पंचू, ते थांबलंय."

"बंद पडलं?"

"न्हाई. बंद न्हाई पडलं. ओळी पळायच्या थांबल्यात. खाली एक बारकी रेघ हाय, ती लुकलुकायलीय. चूक म्हणून काय लिवलेलं दिसत न्हाई."

"अप्पा, झालं."

"काय झालं?"

"दळण उतरलं अप्पा."

मग हळूच, "मंग झाकू का आता?"

"नका झाकू. मी यायलेय."

अण्णांनी सुट्टी मागायच्या आधीच दिली.

९ एप्रिल, बुधवार

काल गेल्या गेल्या लायब्ररी जागेवर बसवली, बॅन्जोचे सूर जोडले. आधी मी दाबून पाहिलं नाही. अप्पांनाच बसवलं.

त्यांनी एक पट्टी दाबली. बोट आणि सूर एकदम. परत दाबली. मग तीच तीच चारपाच वेळा, भरभर, हळू, जणू तिला फसवायला बघताहेत. ती फसली नाही.

"आला," म्हणाले. "बोटाखाली आला."

मग त्यांनी मिरवणुकीच्या सुरुवातीला ते नेहमी वाजवतात ती चाल धरली. मी खोलीत उभी होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं. उजवा हात मांडीवर होता, पण मी नीट बघितलं, त्याचा अंगठा ठेका धरत होता. डॉक्टरांना सांगायला हवं.

आज अमरदीपला बोलावलं. काय दाखवायचंय ते सांगितलं नाही. तो गल्लीत आला तेव्हा अप्पा वाजवत होते. धावत आत आला आणि आधी अप्पांच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे, मग माझ्याकडे.

"मास्तर, हे कोण वाजवायलंय?"

"तुला कोण दिसायलंय हितं?" अप्पा म्हणाले.

तो तिथेच अप्पांच्या पाया पडला. उदगीरवाल्याला अजून होकार दिलेला नव्हताच, आता नाहीच म्हणून कळवतो म्हणाला. दुबलगुंडीच्या आत्याला आईने फोन लावला: तो येत न्हाई, तूच ये.

मिलोशला लिहिलं. उत्तर आलं, 'मी म्हटलं होतं, खोली बघा.'

१५ एप्रिल, मंगळवार

अंग मोडून आलंय, आवाज बसलाय, केसांतली नीळ दोनदा धुऊन निघाली नाही. पण लिहिते.

काल सांजेला ट्रॅक्टरची ट्रॉली सजवली. पुढे कीबोर्ड, त्यामागे अप्पा, पांढरा सदरा, निळी टोपी. त्यांच्या बाजूला कॉम्प्युटर. हवा खेळावी म्हणून मी त्याचं झाकण काढून ठेवलेलं. शेजारी जनरेटर. विहारात वंदना झाली, ट्रॉली हलली, अप्पांनी पहिला सूर लावला. चौकातल्या लोकांना कळलं. ओळखलाच त्यांनी तो बॅन्जो. रत्नपाल मास्तर, रत्नपाल मास्तर अशी कुजबुज आमच्या पुढे पुढे पळत गेली. लेझीमवाल्या पोरी मागे वळून वळून बघत होत्या.

आणि मग नीळ उधळायला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंनी, मुठीमुठीने. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस झाकण्याने घात केला आणि आता उघडं यंत्र आणि वरून नीळ. आतल्या पंख्याने ती ओढली की संपलं. मी ओढणी काढून त्यावर टाकायला धावले.

"टाकू नको," अप्पा ओरडले, वाजवता वाजवता. "तापंल ते. शाल धरा. वरून धरा."

शाल त्यांनी बरोबर आणली होती. आई, आत्या, नेत्रावतीअक्का आणि मी, चौघी चार कोपऱ्यांना. यंत्राच्या वर हातभर उंच धरून चौघी मिरवणूकभर उभ्या. शालीवर नीळ पडत होती, खाली वारा खेळत होता, आणि अप्पा वाजवत होते. हात इतके भरून आले की शेवटी शेवटी मला माझे हात कुठे आहेत तेच कळेना. पण एकीनेही कोपरा सोडला नाही. पुतळ्यापाशी पोचेपर्यंत एक सूर मागे पडला नाही.

घरी आल्यावर सामान आत ठेवलं. आत्या आणि आई चहा करायला गेल्या. अप्पा खुर्ची ओढून यंत्राजवळ बसले आणि त्याच्या अंगावर हात ठेवून तसेच राहिले. मी म्हणाले, झोपा आता. म्हणाले, थांब. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थंड झालं." मग उठले, शाल झटकली, यंत्रावर घातली, कडा खोचल्या, सुरकुत्या काढल्या.

दिवाणावर बॅन्जो तसाच होता, धुळीने माखलेला. आज मला ते बघवेना.

"अप्पा, त्याची शाल तर ह्याला गेली. आता त्याला काईच घालणार न्हाई का तुमी?"

"मी कामून घालू?"

"म्हंजे?"

"त्याची तार शेवटी कुणी छेडली?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, टोपी काढून खुंटीला लावत होते. "किती दिवस झाले, उघडा पडलाय बिचारा. मी बघायलोय, कवा ध्यानात येतंय हिच्या."

मी कपाटातून माझी निळी ओढणी काढली. तारांवरची धूळ पुसली, एकेक तार, मग पट्टी, मग बटणं. ओढणी घातली, कडा खोचल्या. सुरकुत्याही काढल्या.

अप्पा अंथरुणावर आडवे झाले होते. मला वाटलं झोपले.

"सकाळी दुकानाच्या आदी बस जरा," म्हणाले. "मनगट अजून आखडतंय तुजं."